कढईपासून विमानापर्यंत

संक्रांत जवळ आली की सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेचा आरंभच तेलाने होतो. पहिल्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि नगरातील अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक केला जातो. या विधीला ‘यण्णीमज्जन’ असे म्हणतात. ‘यण्णी’ हा कानडी शब्द असून त्याचा अर्थ तेल. आपला ‘तेल’ हा शब्दही मौजेचा आहे. संस्कृतात तिळापासून निघते ते ‘तैल’. पुढे करडई, भुईमूग, जवस, एरंड अशा सर्वच बियांच्या रसाला आपण तिळाचे नाव देऊन टाकले. संक्रांतीला तिळगूळ वाटताना याची आठवण कोणालाही होत नाही, ही गोष्ट वेगळी!

काही वर्षांपूर्वी या यात्रेत होम मैदानावर फिरत असता एका भज्यांच्या दुकानातून मला हाक आली. हाक मारणारी बाई माझी जुनी विद्यार्थिनी होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी यात्रेत दुकान मांडतात. “सर, बसा की. गरम भजी देते,” असे म्हणून तिने बाक पुसला. मी बसलो. समोर मोठी कढई खळखळत होती. तिच्या शेजारी एका पत्र्याच्या डब्यात काळसर, दाट तेल भरून ठेवलेले मला दिसले.

“हे कसले तेल ग?” मी विचारले.

“कालचं आहे, सर. काळं पडलं, म्हणून काढून ठेवलं. एक माणूस येतो, किलोवर पैसे देतो आणि घेऊन जातो.”

“कोठे नेतो?”

ती क्षणभर थांबली. “ते कधी विचारलं नाही,” ती म्हणाली.

तिच्या उत्तराने मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो. काळे पडलेले तेल विकत घेऊन कोणी त्याचे काय करीत असेल? साबणाच्या कारखान्यात ते जात असेल तर उत्तमच. परंतु त्याला दुसरीही एक वाट आहे. तेच तेल गाळून, थोड्या चांगल्या तेलात मिसळून, स्वस्त दराने एखाद्या लहान गाड्यावर पुन्हा कढईत पडू शकते. आणि त्या गाड्यावर खाणारी माणसे बहुधा गरीब असतात.

तेल पुनःपुन्हा तापविले म्हणजे त्याचे काय होते, ते समजून घेतले पाहिजे. कढईतील तेलाचा संबंध उष्णतेशी येतो, हवेतील प्राणवायूशी येतो आणि भज्यांतील पाण्याशीही येतो. या तिघांच्या माऱ्याने तेलाचे रेणू तुटतात, एकमेकांस चिकटतात आणि नवीच संयुगे तयार होतात. तेल दाट होते, त्याला फेस येतो, लवकर धूर सुटतो. या बिघडलेल्या भागाला शास्त्रज्ञ ‘ध्रुवीय संयुगे’ म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला की, ज्या तेलात ही संयुगे शेकडा २५ हून अधिक झाली असतील, ते तेल खाण्यासाठी वापरू नये. जे रोज ५० लिटरांहून अधिक तेल तळणासाठी वापरतात, त्यांनी त्याची नोंद ठेवावी आणि टाकाऊ तेल अधिकृत संकलकाच्याच हवाली करावे, असेही पुढे ठरले. नियम चांगला आहे. परंतु टाकाऊ तेलाला एखादी चांगली वाट मिळाल्यावाचून नुसत्या नियमाने ते वाईट वाटेने जाण्याचे थांबत नाही. मोरीत ओतावे, तर तेथे ते थिजून गटार तुंबविते.

अशी एक वाट आता सापडली आहे, आणि ती थेट आकाशात जाते.

विमानात जाळतात ते इंधन म्हणजे फार काळजीपूर्वक शुद्ध केलेले रॉकेलच होय. ‘रॉकेल’ हे नावही खडकातील तेल या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलेले आहे. हे तेल भूगर्भातून काढलेल्या खनिज तेलापासून मिळते. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडून राहिलेला कर्ब ते जाळले की कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत येतो आणि पृथ्वीचे तापमान वाढविण्यास कारणीभूत होतो. मोटारगाडी विजेवर चालते, आगगाडीही चालते. मग विमान का चालू नये, असे तुम्ही विचाराल. अडचण वजनाची आहे. एक किलो विमान-इंधनात जेवढी ऊर्जा साठलेली असते, तिचा सुमारे चाळीस-पन्नासावा हिस्साच आजच्या एक किलो बॅटरीत मावतो. रस्त्यावरच्या गाडीला जड बॅटरी ओढता येते. आकाशात मात्र प्रत्येक किलो उचलावा लागतो. म्हणून लांबच्या प्रवासाच्या विमानाला द्रव इंधनाचा पर्याय द्रव इंधनच आहे.

वनस्पतींच्या तेलावर यंत्र चालविण्याची कल्पना काही आजची नाही. सन १९०० मध्ये पॅरिस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने शोधलेल्या पद्धतीचे एक लहान यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की, त्यात निराळे तेल घातले आहे हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले, असे डिझेलने पुढे लिहून ठेवले आहे. शेंगांच्या चटणीचे माहेर असलेल्या सोलापूरकरांना या गोष्टीचे कौतुक वाटावे! तथापि खनिज तेल स्वस्त व मुबलक मिळू लागले आणि भुईमुगाचे तेल पुन्हा स्वयंपाकघरात परतले.

आता कोणी म्हणेल, डिझेलचे यंत्र शेंगदाण्याच्या तेलावर चालले, तर विमानातही तेच ओतावे. तसे करता येत नाही. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे तुम्ही पाहिले आहे. सोलापूरच्या सौम्य थंडीत खोबरेलाची ही अवस्था होते. मोठी विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतात. तेथील हवेचे तापमान शून्याखाली ५० अंशांच्या आसपास असते. विमानाचे नेहमीचे इंधन शून्याखाली ४७ अंशांपर्यंत गोठू नये, असा दंडक आहे. खाण्याचे कोणतेच तेल या कसोटीस उतरणार नाही. नळीतच थिजून बसेल. तेव्हा तेलाचे तेलपण काढून टाकून त्याचे रॉकेल बनविले पाहिजे. हे कसे साधतात, ते पाहू.

तेलाचा एक रेणू म्हणजे तीन लांब शेपट्यांचा पतंग आहे, अशी कल्पना करा. पतंगाच्या जागी ग्लिसरीनचा लहानसा भाग असतो आणि त्याला मेदाम्लांच्या तीन शेपट्या जोडलेल्या असतात. प्रत्येक शेपटीत कर्बाचे बहुधा १६ किंवा १८ अणू एका ओळीत असतात. शेपटी जेथे पतंगाला बांधलेली असते, तेथे प्राणवायूचे अणू असतात. हा प्राणवायूच इंधनाच्या कामी येत नाही. तो तेलाला लवकर थिजवितो आणि बिघडवितो.

कारखान्यात आलेले टाकाऊ तेल प्रथम गाळतात. त्यातील जळालेले कण, पाणी आणि मीठ काढून टाकतात. मीठ काढणे विशेष महत्त्वाचे, कारण पुढच्या क्रियेत वापरावयाचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, त्याने निकामी होतो. नंतर हे तेल मोठ्या दाबाखाली, तीनशे अंशांहून अधिक तापवून, उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजन वायूशी भेटवितात. हायड्रोजन तेलातील प्राणवायूला धरतो आणि त्याचे बहुतांशी पाणी होऊन बाहेर पडते. शेपट्या पतंगापासून सुटतात. ग्लिसरीनच्या भागाचाही प्रोपेन वायू होतो; आपल्या घरच्या शेगडीच्या टाकीत असतो, त्यांतलाच हा एक.

एवढ्याने काम भागत नाही. सुटलेल्या शेपट्या सरळ असतात, आणि सरळ वस्तू एकमेकींस बिलगून बसतात. कडब्याची पेंढी तुम्ही पाहिली असेल. ज्वारीची सरळ ताटे एकावर एक अशी घट्ट बसतात की, मध्ये हात शिरत नाही. हेच बाभळीच्या फांद्यांची मोळी बांधून पाहा. कितीही आवळली तरी ती सैलच राहते. सरळ रेणू थंडीत कडब्याप्रमाणे घट्ट रचले जातात आणि इंधन गोठते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात रसायनशास्त्रज्ञ या रेणूंना फांद्या फोडतात, आणि फार लांब असलेल्यांचे तुकडे करतात. सुमारे ८ ते १६ कर्ब-अणूंचे, फांद्या फुटलेले रेणू निवडून घेतले की झाले विमानाचे इंधन. बाकी राहते त्यातून डिझेल, नाफ्ता आणि वायू मिळतात. कढईतले सगळेच तेल विमानात जात नाही, हे लक्षात ठेवावे.

पुढच्या यात्रेत मी हे सारे माझ्या विद्यार्थिनीला सांगितले. तिने हसून विचारले, “मग विमानात भज्यांचा वास येत असेल की, सर!” प्रश्न थट्टेचा होता, तरी चांगला होता. वास येत नाही. कारण वास देणारे रेणूही त्या भट्टीत टिकत नाहीत. तयार झालेले इंधन पाण्यासारखे स्वच्छ दिसते आणि त्याच्याकडे पाहून ते करडईचे होते, की पामचे होते, की भज्यांच्या कढईतले होते, हे सांगता येत नाही.

या पद्धतीच्या इंधनाला २०११ साली आंतरराष्ट्रीय मानकांत स्थान मिळाले. मात्र ते नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंतच मिसळावे, अशी अट आहे. त्याचे एक कारण मोठे विलक्षण आहे. विमानाच्या इंधन-नळ्यांच्या सांध्यांत रबरी कडी असतात. खनिज इंधनातील काही घटकांमुळे ती किंचित फुगतात आणि सांधा घट्ट राहतो. वनस्पतिजन्य इंधन इतके निर्मळ असते की, त्यात हे घटकच नसतात! तरीही २८ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश कंपनीचे एक विमान, विशेष परवानगीने, केवळ अशा पर्यायी इंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला गेले. त्याच्या इंधनाचा मोठा भाग टाकाऊ चरबी व तेले यांपासून केलेला होता.

आपल्या देशातील कथा मात्र कढईपासून सुरू झाली नाही. ती मोगली एरंडापासून सुरू झाली. शेताच्या बांधावर वाढणारे, गुरे तोंड लावीत नाहीत असे हे झाड. याच्या बिया विषारी असल्याने त्यांचे तेल खाण्याच्या उपयोगी नाही. सन २००३ च्या सुमारास या झाडाचा देशभर मोठा गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, ते भरघोस तेल देईल असे सांगण्यात आले. अनेक ठिकाणी लागवडी झाल्या. परंतु पाण्यावाचून झाड जगते, म्हणून ते पाण्यावाचून फळतेच असे नाही. अपेक्षेच्या मानाने बिया फारच थोड्या लागल्या. लागवडीत जमीन आणि श्रम घातलेल्यांची गत ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ अशी झाली. दुष्काळी भागातल्या आपल्या लोकांनी हा धडा विसरू नये, असे मला वाटते.

तथापि त्या बियांनी एक पराक्रम केलाच. डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेतील शास्त्रज्ञांनी छत्तीसगडातून आलेल्या मोगली एरंडाच्या तेलापासून विमान-इंधन तयार केले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेट कंपनीचे एक विमान शेकडा २५ भाग हे इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीस सुखरूप पोहोचले. पुढे २६ जानेवारी २०१९ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, भारतीय वायुदलाचे एएन-३२ जातीचे विमान शेकडा १० भाग जैव इंधनावर राजपथावरून उडाले. ३१ जानेवारी २०२० रोजी तर अशाच विमानाने लेहसारख्या अतिउंच व अतिथंड विमानतळावरूनही उड्डाण केले. थिजण्याची भीती खरी असती, तर ती तेथे दिसली असती.

मग आपण करडईच का वापरू नये? सोलापूरच्या काळ्या जमिनीत, रब्बीत, केवळ जमिनीतील ओलीवर येणारे हे पीक आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्रात करडईवर अनेक वर्षे काम चालू आहे. मुलांनो, वही घ्या. आपण एक हिशेब करू. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी ६ क्विंटल करडई आली असे धरू. तिच्यात सुमारे शेकडा ३० तेल असते. म्हणजे हेक्टरी १८० किलो तेल झाले. पुण्याहून दिल्लीस जाणारे, दीडशेपेक्षा अधिक उतारू घेणारे विमान सुमारे दोन तास उडते आणि तेवढ्यात साधारण ५,००० किलो इंधन जाळते. सगळ्या तेलाचे इंधन होते असे क्षणभर मानले, तरी ५,००० भागिले १८०, म्हणजे जवळजवळ २८ हेक्टर! सुमारे ७० एकरांचे वर्षाचे पीक एका फेरीत संपले. आपल्या देशात माणशी वर्षाला सुमारे २० किलो खाद्यतेल लागते. म्हणजे त्या एका उड्डाणात २५० माणसांच्या वर्षभराच्या फोडणीचे तेल जळून गेले. आणि लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशांतून विकत आणतो, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

यावरून तुमच्या ध्यानात येईल की, ताटातले तेल विमानाला देणे आपल्याला परवडणारे नाही. जे तेल आपले ताटातले काम करून चुकले आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्यासाठी नवी जमीन लागत नाही, नवे पाणी लागत नाही. त्यातील कर्ब पिकाने हवेतूनच घेतलेला असतो. तो जळून पुन्हा हवेत गेला, एवढेच. तेल गोळा करण्यास, वाहून नेण्यास, हायड्रोजन तयार करण्यास ऊर्जा लागते. ती हिशेबात धरूनही, सर्व गोष्टी नीट जुळून आल्या तर, खनिज इंधनाच्या तुलनेने प्रदूषण शेकडा ८० पर्यंत कमी होते, असे मानतात. उणीव आहे ती पुरवठ्याची. भजी माणसे खाऊन खाऊन किती खाणार?

म्हणून दुसरीही एक वाट शोधली गेली, आणि आपल्या देशात तिचा आरंभ महाराष्ट्रात झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचे विमान-इंधन बनविले. तेलाच्या बाबतीत मोठे रेणू तोडावे लागतात. येथे उलट आहे. अल्कोहोलचे रेणू लहान असतात. त्यांतील पाण्याचा अंश काढून ते एकास एक जोडीत जोडीत हव्या त्या लांबीचे करावे लागतात. १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडिया या तेव्हाच्या कंपनीचे विमान हे इंधन घेऊन पुण्याहून दिल्लीस गेले. मिश्रणात त्याचा वाटा शेकडा एकापर्यंतच होता; पण देशी बनावटीच्या अशा इंधनावर व्यापारी उतारू-विमान उडण्याची भारतातील ती पहिलीच वेळ होती.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, १५ जून २०२३ रोजी, सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी पाडण्यात आली. विमानांच्या मार्गात ती अडथळा ठरत होती, आणि तिच्यावरून गावात वर्षानुवर्षे वाद चालला होता. विमान हवे की कारखाना, असा तो प्रश्न लोकांना वाटत होता. ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. ज्या उसाच्या कारखान्याची चिमणी विमानाच्या आड आली, त्याच उसाची मळी पुढे विमानाला इंधन पुरवू शकते, ही गोष्ट त्या वादाच्या गदारोळात फारशी कोणी बोलली नाही. अर्थात उसाला पाणी किती लागते, हे सोलापूरकरांना शिकविण्याची आवश्यकता नाही. तो हिशेबही कधीतरी करावाच लागेल.

कढईतल्या तेलाचे पुढे काय झाले? ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत येथील कारखान्याला वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान-इंधन करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पानिपत हे नाव मराठी माणसाच्या परिचयाचे आहे ते निराळ्याच कारणाने! तेथे वर्षाला ३५,००० टन इंधन तयार करण्याची योजना आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पर्यंत शेकडा १, २०२८ पर्यंत शेकडा २ आणि २०३० पर्यंत शेकडा ५ भाग असे इंधन मिसळावे, हे आपल्या देशाने ठरविलेले लक्ष्य आहे. त्यासाठी गावोगावच्या कढया, उपाहारगृहे आणि फरसाणाच्या भट्ट्या यांतून डबा डबा तेल गोळा व्हावे लागेल.

मागच्या यात्रेत मी पुन्हा त्या दुकानात गेलो. डबा जागेवरच होता. माझ्या विद्यार्थिनीने मला सांगितले की, जुन्या माणसाला तिने ‘तेल कोठे नेता, पावती द्या,’ असे म्हटले, तेव्हापासून तो आलाच नाही. आता दुसरा येतो. तो वजन करतो, पावती देतो. परंतु किलोमागे पैसे थोडे कमी देतो.

“सर, तुमच्या विमानापायी माझं नुकसान झालं की,” असे म्हणून ती हसली, आणि माझ्यासाठी कागदात भजी बांधू लागली.

स्वाध्याय

१. भज्यांच्या दुकानातील संभाषण ऐकून लेखक अस्वस्थ का झाले?
२. कडबा आणि बाभळीच्या फांद्या यांच्या दृष्टान्ताने लेखकाने कोणती गोष्ट समजावून दिली आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण पाठात कोणत्या प्रसंगी आली आहे? तिचा दुसऱ्या एखाद्या प्रसंगी उपयोग करून दाखवा.
४. तुमच्या घरी तळणीचे उरलेले तेल कोठे जाते, याची आठवडाभर नोंद ठेवा आणि ती वर्गात वाचून दाखवा.
५. ‘विमान हवे की कारखाना?’ या विषयावर वर्गात दोन पक्ष करून चर्चा करा.